दोन खोल्यांचे पाहुणेघर

(ज्ञातिमंडळाच्या चिखली येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान. वक्त्यांनी स्वतः लिहून दिलेल्या मसुद्यावरून.)



चिटणीसांचे निमंत्रणपत्र हाती आले तेव्हा मी प्रथम नकारच कळविणार होतो. ज्या व्यासपीठावरून आपण आजवर विद्वान वक्त्यांची भाषणे ऐकली, तेथे केवळ मॅट्रिक होऊन अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून पाढे घोकवून घेण्यात आयुष्य वेचलेल्या मजसारख्या माणसाने काय सांगावे, असा संकोच मनात होता. परंतु पत्रात विषय नेमका लिहिला होता. सेवानिवृत्तीनंतर आपण लोणार येथे प्रवाशांसाठी घरगुती निवास चालविता, त्या उद्योगाची माहिती समाजातील कुटुंबांस द्यावी, असे ते पत्र होते. माहिती सांगणे हा शिक्षकाचा धर्मच होय, म्हणून आलो. मात्र माहितीबरोबर मला एक कबुलीही द्यावयाची आहे. ती ओघात येईल.

या उद्योगास इंग्रजीत बेड अँड ब्रेकफास्ट म्हणतात आणि आपल्या राज्याच्या पर्यटन महामंडळाने त्यास 'निवास व न्याहारी' असे सुटसुटीत नाव दिले. हे हॉटेल नव्हे आणि खानावळही नव्हे. घरधनी आपल्याच घरात राहतो, घरातील एखाददुसरी रिकामी खोली प्रवाशास देतो, आणि सकाळी घरात जी न्याहारी होते तीतलाच वाटा त्याच्यापुढे ठेवतो. इंग्लंडातील समुद्रकाठच्या गावी घरोघरच्या बायकांनी असे उद्योग चालविले. जपानात 'मिन्शुकु' या नावाने अशीच घरे आहेत. आपल्याकडे ही कल्पना अधिक रुजली ती कोकणात. तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यायांच्या घरी यात्रेकरूंनी उतरावे, ही रीत तर त्याहून पुष्कळ जुनी आहे.

मला हे सुचले तेही कोकणातच. 2016 साली निवृत्त झाल्यावर थोरला मुलगा आम्हा उभयतांस दिवेआगरला घेऊन गेला. तेथे आम्ही एका कुटुंबाच्या घरी उतरलो. नारळी-पोफळीच्या वाडीत दोन खोल्या, अंगणात झोपाळा, आणि सकाळी गरम आंबोळ्या. घरच्या बाई वाढता वाढता त्यांच्या वाडीतील पोफळीच्या रोगाची हकिकत सांगत होत्या. परतताना बसमध्ये आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्या गावाला तर सगळं जग पाहायला येतं. ते लोक उतरतात कुठं?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. जन्म लोणारात गेला. परंतु आपल्या गावी आलेला परका माणूस रात्री कोठे झोपतो, याचा विचार मी कधी केला नव्हता.

आमचे घर गावठाणातले आहे. वडिलांच्या वेळी ते धाब्याचे होते. पुढे मी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून स्लॅब टाकला आणि मुलांसाठी वर दोन खोल्या बांधल्या. मुले मोठी झाली. एक पुण्यास गेला, मुलगी अकोल्यास दिली, आणि त्या दोन खोल्यांत उन्हाळ्याचे वाळवण, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि एक मोडकी सायकल एवढेच उरले. समोर बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी अशा खोल्या आहेत, हे हात वर करावयास सांगून विचारण्याची सवय मला आहे. पण आज विचारीत नाही. मला ते ठाऊक आहे.

घरात बेत ठरला आणि पहिला विरोध घरातूनच झाला. आमचे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणतो आणि ज्यांच्यापुढे आजही पाय पसरून बसत नाही, ते म्हणाले, "गुरुजी म्हणून गावात मान आहे तुला. आता लोकाईले भाकरी इकशील काय?" अन्न विकणे हे आपल्या घराण्यात हीन मानले गेले, हे खरेच आहे. आमच्या आजोबांच्या वेळी शिकणारी मुले आमच्याकडे वाराने जेवत. बुधवारी एक, शनिवारी एक. त्यांच्याकडून कोणी पैसा घेतला नाही, आणि आजीने त्यांना घरच्या मुलांहून कमी वाढले नाही. दादांचे म्हणणे असे होते की, त्या घरात पाट्या लावून दर मांडणे म्हणजे आजीच्या हाताला कलंक लावणे होय. मी निरुत्तर झालो. आमच्या सौभाग्यवती मात्र म्हणाल्या, "दादा, वाराने जेवणाऱ्या पोरांची भांडी घासायला तेव्हा घरात चार सुना होत्या. आता मी एकटी आहे. मला मदतीला बाई ठेवावी लागेल, आणि बाईला पगार द्यावा लागेल." दादा हसले नाहीत, पण पुढे बोललेही नाहीत.

2017 च्या दसऱ्यास आम्ही खोल्या सुरू केल्या. आता व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिला प्रश्न पैशाचा. आमच्याकडे आलेले पहिले पाहुणे नाशिककडचे एक जोडपे होते. दोन रात्री राहिले. निघताना त्यांनी विचारले, "किती झाले?" आणि माझ्या तोंडून जन्मजात सवयीने शब्द गेले, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." यात औदार्य नव्हते, भिडस्तपणा होता, आणि त्या भिडेचा सगळा भार मी त्या बिचाऱ्यांवर टाकला. ते दोघे एकमेकांकडे पाहू लागले, जिन्यात जाऊन काही कुजबुजले, आणि शेवटी त्यांनी एक पाकीट माझ्या हातात न देता देव्हाऱ्यापुढे ठेवले. देवापुढे दक्षिणा ठेवावी तसे! त्याच दिवशी सौभाग्यवतींनी माझ्या शाळेतील एक जुना लहान फळा जिन्याशी टांगला आणि त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिले: खोली एका रात्रीचे नऊशे रुपये, दोघांच्या न्याहारीसह, रात्रीचे जेवण हवे असल्यास दुपारी सांगावे, त्याचे पैसे वेगळे. तेव्हापासून दर दोनदा वाढला. पण फळा तोच आहे. दर स्पष्ट लिहिल्यावर पाहुणा मोकळा होतो आणि आपणही मोकळे होतो. घरधन्याचा मान दर लपविण्याने वाढत नाही.

दुसरा प्रश्न न्याहारीचा. मी प्रारंभी शहाणपणा करून बाजारातून पाव, लोणी आणि जामची बाटली आणून ठेवीत असे. शहरातील मंडळींस तेच लागेल, अशी माझी समजूत. एके दिवशी मुंबईच्या एका वयस्कर बाईंनी पावाची ताटली बाजूला सारून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारले, "आत कशाचा वास येतोय?" आत आमच्यासाठी उकडपेंडी शिजत होती. वऱ्हाडातील श्रोत्यांस उकडपेंडी सांगावयास नको. पण या अंकाचे वाचक दूरदूरच्या शहरांतही आहेत, म्हणून लिहून ठेवतो. गव्हाचे जाडसर पीठ तेलावर खमंग भाजावयाचे, कांदा-मिरची-हळदीची फोडणी द्यावयाची, आणि ताकाचा अथवा चिंचेच्या पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावयाचे. वाफ नीट बसली म्हणजे पीठ मोकळे होते. घाई केली तर गोळा होतो. त्या बाईंनी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवसापासून पाव बंद झाला. आता थंडीत ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी आलूपोहे, कधी फोडणीची भाकर, आणि बहुतेक दिवशी उकडपेंडी. जे आपण खातो तेच द्यावे. प्रवासी आपल्या घरी त्याचे स्वतःचे घर शोधावयास आलेला नसतो.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती विनोदाची नाही. बुलढाणा जिल्ह्यातील चैत्र-वैशाख आपणांस ठाऊक आहे. नळ येतो तो दिवस घरात सणासारखा. बाकीचे दिवस टाकी आणि टँकर. शहरातून आलेल्या एका कुटुंबाने रात्रभर नळ वाहता ठेवला आणि सकाळी टाकी कोरडी. मला फार राग आला होता. परंतु राग दाखविण्यापूर्वी ध्यानात आले की त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आता पाहुणा आला की मी प्रथम पाण्याचा तांब्या पुढे करतो आणि त्याच तांब्याच्या निमित्ताने गावाच्या पाण्याची हकिकत सांगतो. न्हाणीघरात बादली आणि तांब्या ठेवला आहे. ज्यांनी जन्मभर वरून पडणाऱ्या पाण्याखाली स्नान केले, तेही बादलीने आंघोळ करतात, आणि पुष्कळांस त्यात मौज वाटते. मौज वाटली नाही तरी पाणी वाचते.

अंथरुण-पांघरुण आणि शौचकूप यांविषयी एवढेच सांगतो की, ज्यांना स्वच्छता कशी राखावी हे पाहावयाचे असेल त्यांनी कोणा पुस्तकाकडे न जाता शेगावच्या संस्थानातील भक्तनिवास पाहून यावा. दूर कशाला जावयाचे? हजारो माणसे येतात-जातात आणि फरशी ओलीही दिसत नाही. तेथील सेवेकरी झाडू हातात घेताना मान खाली घालीत नाहीत. मी तेथून परत आलो आणि पाहुण्यांचे न्हाणीघर धुण्याचे काम स्वतःकडे घेतले. मदतीच्या बाईंकडे ते काम दिलेले नाही. गावातील काही मंडळींनी नाके मुरडली, ती मुरडोत.

कागदपत्रांचा बाऊ करू नये, तथापि टाळाटाळही करू नये. खात्याकडे आणि नगर परिषदेकडे नोंद, पोलिसांकडे कल्पना, आणि घरात एक वही: नाव, पत्ता, कोठून आले, कोठे जाणार, ओळखपत्राची प्रत. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत एक फॉर्म संगणकावरून भरावा लागतो. पहिल्या वेळी एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा तो फॉर्म भरताना मला रात्रीचे अकरा वाजले. मुलगा पुण्याहून फोनवर सांगत होता आणि पाहुणा माझ्या शेजारी बसून माझ्या चुका सुधारीत होता. वहीचा हा विषय लक्षात ठेवावा, कारण मला पुन्हा तिच्याकडे यावयाचे आहे.

आता या उद्योगातील खऱ्या सुखाकडे वळतो. त्या भूगर्भशास्त्रज्ञामुळे मला माझे गाव समजले, हे सांगताना थोडी लाज वाटते. लवणासुराची कथा मी मुलांना दरवर्षी सांगत आलो. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याचा वध केला, त्याची गुहा म्हणजे हे विवर, आणि त्याचे रक्त म्हणजे खारे पाणी. भूगोलाच्या तासाला 'उल्कापाताने झालेले सरोवर' असे एक वाक्य फळ्यावर लिहीत असे आणि पुढच्या धड्याकडे वळत असे. त्याने मला पहाटे विवराच्या काठावर उभे करून समजाविले की, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खळगा बेसाल्ट खडकात पडलेला आहे. असा खडक चंद्रावरही आहे, म्हणून चंद्रावरील विवरे समजून घेऊ पाहणारे शास्त्रज्ञ लोणारास येतात. पूर्वी यास ज्वालामुखीचे मुख मानणारे पुष्कळ होते. 1970 च्या दशकात येथील खडकांत आघाताच्या प्रचंड दाबाने बनलेली काच सापडली, तेव्हा तो वाद बहुतांशी मिटला. वय पन्नास हजार वर्षे असे मी शिकवीत आलो होतो. अलीकडच्या मोजणीने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षांपर्यंत गेले आहे. छत्तीस वर्षांत मी ज्या मुलांना जुना आकडा पाठ करविला, त्यांची मी येथून क्षमा मागतो. त्या वेळी पुस्तकात तोच होता.

दैत्यसूदनाच्या मंदिराचीही तीच गत. शाळेच्या सहली मी तेथे कितीदा नेल्या असतील! रांग लावा, चपला नीट ठेवा, गोंगाट करू नका, एवढेच माझे लक्ष. एकदा नागपूरहून आलेली एक चित्रकार मुलगी मंडपात चक्क जमिनीवर उताणी पडली. मला वाटले, भोवळ आली. जवळ गेलो तर ती म्हणाली, "काका, तुम्हीही झोपा." आजूबाजूला कोणी ओळखीचे नाही असे पाहून मीही झोपलो. वर छतात दगडात कोरलेल्या पुराणकथा. ज्या छताखाली मी चाळीसदा हजेरी घेतली होती, त्या छताकडे मी मान वर करून पाहिले नव्हते.

तेव्हापासून पाहुण्यांबरोबर हिंडणे हा माझा नित्यक्रम झाला. धारेवर जातो, भर उन्हाळ्यातही तेथील झरा वाहतो. खाली उतरून रानातून कमळजादेवीच्या दिशेने जातो. वाटेत मोर, वानरे, आणि काठाजवळ तो गंधकासारखा दर्प, ज्याने नवखा माणूस नाक धरतो आणि आम्हास घरी आल्यासारखे वाटते. नवरात्रात देवीची यात्रा भरते, तेव्हा खोल्या महिनाभर आधीच भरतात. आठवडी बाजारातही पाहुण्यांना नेतो. तेथे ते वांगी घेत नाहीत, पण वांगी विकणाऱ्या बाईशी अर्धा तास बोलतात, आणि ती बाई मला नंतर म्हणते, "गुरुजी, तुमचे पावने लई गुनाचे." गावात माझी ओळख होतीच. आता गावाची ओळख मला होत आहे.

2020 चा जून आठवतो. टाळेबंदीमुळे मार्चपासून दोन्ही खोल्यांना कुलूप होते. आणि एके दिवशी बातमी आली की सरोवराचे पाणी गुलाबी झाले. आम्ही काठावर जाऊन पाहिले; खरोखर गुलाबी. सगळ्या देशातून फोन येत होते, कोणाला येता मात्र येत नव्हते. कोणी दैवी कोप म्हटला, कोणी प्रदूषण. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितले की, उन्हाने पाणी आटून खारटपणा वाढला आणि क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तसे दिसले. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. टाळेबंदी उठल्यावर जो येई तो प्रथम विचारी, "गुलाबी कुठे आहे?" तोवर पाणी पुन्हा हिरवे झाले होते. एकाने तर पैसे परत मागितले!

समृद्धी महामार्गाविषयी मिश्र भावना आहे. 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला आणि मेहकर व सिंदखेडराजा येथून उतरून लोणारास येणे सोपे झाले. पाहणारे वाढले. पण सकाळी यावे, काठावर उभे राहून छायाचित्र काढावे आणि दुपारच्या जेवणाला शिर्डीच्या वाटेला लागावे, असेही पुष्कळ झाले. अशा माणसाच्या हाती गाव लागत नाही. रात्र काढल्यावाचून कोणतेही गाव कळत नाही, असे माझे मत बनले आहे. त्यात धंद्याचा स्वार्थ आहे हे मान्य करूनही ते सोडावयास मी तयार नाही.

आता ती कबुली.

2019 च्या थंडीत एक गृहस्थ पत्नीसह आले. माझ्याच वयाचे, शांत, खादीचा सदरा. पहिल्याच संध्याकाळी कळले की तेही निवृत्त शिक्षक. मग काय विचारता! वेतनश्रेणी, अधिकाऱ्यांच्या तपासण्या, पोषण आहाराची खिचडी, सगळे विषय निघाले. रात्री जेवावयास आम्ही एकत्र बसलो. सौभाग्यवतींनी वांग्याची भाजी, भाकरी वाढली. गृहस्थांचे आडनाव असे होते की त्यावरून काही उमगेना. गावाच्या नावावरून पडलेले. आणि मी, पहिला घास हातात असताना, अगदी सहज, प्रेमाने म्हणावे तसे विचारले, "मूळ गाव कोणते आपले? म्हणजे आपण... कोणापैकी?"

ते थांबले. मजकडे पाहिले. आवाज न चढविता म्हणाले, "गुरुजी, खोलीचं भाडं सांगताना आपण हे विचारलं नाही. ताट वाढल्यावर विचारलंत."

मग त्यांनी जातीचे नाव सांगितले. मी घाईघाईने म्हणालो, "छे छे, तसं काही नाही, आम्ही मानीत नाही." ते म्हणाले, "मग विचारलंत कशाला?" आणि पुढे शांतपणे जेवले. पानात काही टाकले नाही. जेवण होताच ते उठले, आपले आणि पत्नीचे ताट उचलले, मोरीकडे गेले आणि दोन्ही ताटे स्वतः घासू लागले. आमच्या सौभाग्यवती "राहू द्या, राहू द्या" म्हणत धावल्या. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "असू द्या ताई. त्यांना सवय आहे. लहानपणापासून."

दुसऱ्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे न्याहारी करून, पूर्ण पैसे देऊन, नमस्कार करून गेले. कसलीही तक्रार केली नाही. त्यांचा पत्ता वहीत होता. मी क्षमेचे पत्र लिहिले. उत्तर आले नाही. येणे आवश्यकही नव्हते.

मी रात्रंदिवस विचार केला की, मी हे का विचारले. मी त्यांना हाकलणार नव्हतो. भांडे वेगळे ठेवणार नव्हतो. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने उपाहारगृहे आणि हॉटेले जातीच्या कारणाने कोणास बंद करता येत नाहीत, हे मी नागरिकशास्त्राच्या तासाला शिकविलेले. तरीही जिभेवर प्रश्न आला. याचे एक कारण मला शाळेत सापडले. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जातीचा रकाना असतो, आणि तो मी छत्तीस वर्षे भरला. सवलतीसाठी, शिष्यवृत्तीसाठी तो आवश्यक आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण हाताला सवय लागली की मूल समोर आले म्हणजे तो रकाना भरल्यावाचून नोंद पुरी झाली असे वाटत नाही. पाहुण्यांच्या वहीत तो रकाना नाही. मी तो तोंडाने भरावयास गेलो.

दुसरे कारण त्याहून जुने आहे, आणि ते मला दादांच्या बोलण्यात सापडले. आजीच्या घरी वाराने जेवणारी मुले फुकट जेवत, हे खरे. पण ती सगळी आपल्याच ज्ञातीची होती. त्या आतिथ्यास पैसा लागत नव्हता, जात लागत होती. ज्या मुलास ती नव्हती, त्याने बुधवारी काय खाल्ले हे आमच्या घरात कोणी विचारले नाही. मी नऊशे रुपयांचा फळा टांगला तेव्हा नकळत आजीहून मोठे दार उघडले होते. आणि त्या रात्री भाकरीचा घास हातात धरून मी ते अर्धे लोटून घेतले.

हे मी याच सभेत का सांगतो, त्यास कारण आहे. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत सातव्या क्रमांकावर एक ठराव आहे: ज्ञातिबांधवांच्या प्रवासात सोयीसाठी निरनिराळ्या गावांतील आपल्या कुटुंबांच्या निवासाची सूची पुढील स्मरणिकेत छापावी, आणि ती केवळ आपल्या समाजापुरती असावी. सूचक मंडळींचा हेतू चांगला आहे. प्रवासात आपले माणूस भेटले की बरे वाटते, हे मी नाकारीत नाही. ज्ञातिवसतिगृहांचा इतिहासही मला ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या जातींसाठी वसतिगृहे उभी केली, ती त्या मुलांना शहरात कोणी दारात उभे करीत नव्हते म्हणून. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले, तेथे मात्र सर्व जातींची मुले एकत्र राहिली. दोन्ही उदाहरणे आपल्यापुढे आहेत. आज आपल्या मुलास पुण्यात किंवा नागपुरात जातीमुळे खोली नाकारली तर आपण संतापतो, आणि ते योग्यच आहे. मग आपल्या रिकाम्या खोल्यांची सूची करताना वर 'केवळ' हा शब्द का छापावा?

माझे म्हणणे एवढेच की, सूची अवश्य छापा. त्यातून 'केवळ समाजापुरती' हे शब्द काढा. ज्यांच्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत त्यांनी त्या झाडून घ्याव्यात, फळा टांगावा, आणि जो येईल त्यास उतरू द्यावे. ठराव आहे तसाच संमत झाला तर मी विरोधात हात वर करीन आणि माझ्या घराचे नाव सूचीतून वगळावे, अशी अध्यक्षांस आताच विनंती करून ठेवतो. याने कोणाचा रोष झाला तर तो मी पत्करतो. दादा आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्याशी घरी बोलणे झालेले आहे. ते माझ्या बाजूने मत देतील असे त्यांनी म्हटलेले नाही. फक्त, "मी मुद्दाम इरोधात देनार नाही," एवढे म्हणाले.

चर्चा सुरू होईल तेव्हा मी येथेच असेन. मात्र मतदान चारपर्यंत उरकावे, अशी विनंती आहे. रात्रीच्या मुक्कामाला नांदेडकडील एक कुटुंब येणार आहे, पाच माणसे, त्यांत दोन लहान मुले. उकडपेंडीसाठी ताक विरजून ठेवले आहे. पण वरच्या खोलीतील चादरी अजून दोरीवरच आहेत, आणि मेहकरकडची बस चुकली तर त्या सौभाग्यवतींना एकटीने काढाव्या लागतील.